सामायिक दृष्टी आणि पाळकीय परिषद : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

धर्मप्रांताच्या परिपत्रकांत, पाळकीय आराखड्यांत आणि धर्मगुरूंच्या बैठकींत 'व्हिजन' हा शब्द गेली अनेक वर्षे सातत्याने कानी पडतो. मराठीत त्यास आम्ही 'दृष्टी' म्हणतो; कोणी 'ध्येय' म्हणतात, तर कोणी 'स्वप्न'. ध्येय म्हणजे गाठावयाचे ठिकाण आणि योजना म्हणजे तेथवर नेणारी वाट. दृष्टी याहून वेगळी आहे. दहा वर्षांनी आपला धर्मग्राम कसा दिसावा, याचे मनातील चित्र म्हणजे दृष्टी. हे चित्र एकाच्याच मनात असेल तर ती त्याची इच्छा होय. धर्मग्रामाची जबाबदारी वाहणाऱ्या आठ-दहा जणांच्या मनात तेच चित्र असेल आणि प्रत्येकाला ते आपापल्या शब्दांत सांगता येत असेल, तरच तिला सामायिक दृष्टी म्हणता येईल.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. प्रमुख धर्मगुरू काही वर्षांनी बदलून जातात. त्यांच्यासोबत त्यांचे चित्रही गेले, तर नव्या धर्मगुरूंच्या हाती कोरी पाटी येते. मोठ्या शहरी धर्मग्रामाला असे एकदोन धक्के पचतात. तेथे संघटना असतात, शाळा असते, रविवारी चर्च भरतेच. परंतु जेथे कॅथोलिक घरे थोडी आणि एकमेकांपासून दूर आहेत, तेथे अशा प्रत्येक खंडाची किंमत एखाद्या कुटुंबाने मोजलेली असते. दोन-तीन वर्षे कोणी विचारपूस केली नाही की मुलांचे प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणे राहून जाते, मग दृढीकरण राहते, आणि पुढे ते घर नोंदवहीत तेवढे उरते. म्हणूनच जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या निमित्ताने या विषयाचा विचार करावा, असे आम्हांस वाटले.

दोन तालुक्यांचे वास्तव

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या या तालुक्यांचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेकडे नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर हा सह्याद्रीचा भाग. मुसळधार पाऊस, भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे, ते मूळ गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले; तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. पूर्वेकडे कालव्याचे पाणी, ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे. मंचर, नारायणगाव व आळेफाटा ही गजबजलेली गावे पुणे-नाशिक महामार्गावर आहेत. पश्चिमेकडील माणूस मजुरीसाठी पूर्वेकडे उतरतो. म्हणजे तालुका एक असला तरी दिनमान एक नाही.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही किंचित कमी होती. तीही मुंबई, ठाणे, वसई, पुणे अशा भागांत एकवटलेली. ग्रामीण तालुक्यांत शिक्षक, परिचारिका, कारखान्यातील कामगार, शेतमजूर अशा रूपाने कॅथोलिक कुटुंबे विखुरलेली असतात. अशा ठिकाणी पाळकीय परिषदेचे सभासद एकत्र येणे हेच मोठे काम होऊन बसते. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे भय काल्पनिक नाही. अंधार पडल्यावर दुचाकीवरून रानातून परतणे कोणालाही नको असते. कांदा काढणीच्या दिवसांत, जे बहुधा उपवासकाळाचेच दिवस असतात, दुपारची बैठक होत नाही. भाताच्या लावणीत पश्चिमेकडून कोणी येत नाही. शहरात बसून रविवार सायंकाळची वेळ ठरवणाऱ्याच्या हे ध्यानी येत नाही, आणि मग 'लोकांना आस्था नाही' असा शेरा इतिवृत्तात जातो.

दुसरी अडचण भाषेची आहे. आपल्या धर्मप्रांताची स्थापना १८८६ साली झाली. पुणे शहरातील व छावणीतील धर्मग्रामांत गोव्याचे, तामिळनाडूचे, केरळचे भाविक मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे सामायिक व्यवहाराची भाषा इंग्रजी होणे स्वाभाविक होते. दृष्टीचे निवेदन प्रथम इंग्रजीत लिहिले जाते, मागाहून त्याचे मराठीकरण होते. 'सहभागी, समावेशक व मिशनाभिमुख समुदाय' असा मजकूर चौकटीत बसवून सभागृहात लावला जातो. व्याकरणदृष्ट्या त्यात दोष नाही. पण नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उचलणाऱ्या परिषद-सभासदाला 'यातले तुम्ही उद्या काय करणार?' असे विचारले, तर तो काय सांगेल?

परिषदेचे स्थान

येथे कायद्याची बाजू थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९८३च्या धर्मविधिसंहितेतील ५३६व्या कलमानुसार, बिशपांना उचित वाटल्यास धर्मगुरूंच्या परिषदेचे मत ऐकून प्रत्येक धर्मग्रामात पाळकीय परिषद स्थापन होते. प्रमुख धर्मगुरू तिचे अध्यक्ष असतात आणि तिचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असते. ५३७व्या कलमानुसार अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात अनिवार्य आहे. या दोन कलमांच्या शब्दांतील फरकामुळे अनेक ठिकाणी विचित्र स्थिती उद्भवली: पैशाची समिती नियमित बसते, दृष्टीची बसत नाही.

द्वितीय व्हॅटिकन महासभेने प्रापंचिकांचा वाटा स्पष्टपणे मान्य केला होता. १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे भरलेल्या आशियाई बिशप परिषदांच्या महासंघाच्या पाचव्या अधिवेशनाने सहभागी ख्रिस्तसभा, समूहांचा समूह, ही कल्पना आशियासमोर ठेवली. मुंबई महाधर्मप्रांतात छोट्या ख्रिस्ती समूहांचे कार्य १९८०च्या दशकातच सुरू झाले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आरंभलेल्या सिनडच्या प्रक्रियेचा अंतिम दस्तऐवज २६ ऑक्टोबर २०२४ रोजी संमत झाला. सहभागाची मंडळे ऐच्छिक न ठेवता सर्वत्र असावीत, असा त्याचा स्पष्ट आग्रह आहे. आणि सल्लामसलतीतून वर आलेला विचार अधिकारपदावरील व्यक्तीने दुर्लक्षून चालणार नाही, हेही त्यात नमूद आहे. निर्णय धर्मगुरूंचा राहतो. तथापि ज्या परिषदेला निर्णय झाल्यावरच बोलावले जाते, तिला दृष्टी 'कळवली' जाते, दिली जात नाही.

नहेम्याने काय केले

दृष्टी पुढाऱ्यांसमोर कशी ठेवावी, याचे जुन्या करारातील सर्वांत तपशीलवार उदाहरण नहेम्याच्या पुस्तकात आहे. नेतृत्वाच्या शिबिरांत त्याचा उल्लेख नेहमी होतो, पण बहुधा उत्साहाच्या वाक्यापुरताच. वास्तविक त्यातील क्रम पाहण्यासारखा आहे.

नहेम्या पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमची तटबंदी मोडून पडल्याची वार्ता भावाकडून कळल्यावर तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. राजाची परवानगी घेऊन यरुशलेमला येतो आणि तीन दिवस काहीच बोलत नाही. मग रात्री मोजकी माणसे सोबत घेऊन, एकाच जनावरावर बसून तो पडलेला तट पाहून येतो. एके ठिकाणी जनावराला पुढे जायला वाट उरत नाही, इतका ढिगारा असतो. याजकांना, सरदारांना, अधिकाऱ्यांना याचा पत्ता नसतो. पाहणी झाल्यावरच तो त्यांना एकत्र करतो आणि जे त्यांनाही रोज दिसते आहे तेच त्यांच्यासमोर ठेवतो. आपली दुर्दशा, जळालेल्या वेशी, आणि देवाचा हात आपल्यावर कसा आहे, एवढेच. काम सुरू करण्याचा निर्धार मात्र ते स्वतःच बोलून दाखवतात. आराखडा त्याच्यापाशी होता, तरीही अखेरचा शब्द त्याने त्यांना बोलू दिला, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

पुढील अध्याय नावांच्या यादीचा आहे, म्हणून वाचक तो ओलांडून जातात. ओलांडू नये. महायाजक एल्याशीब मेंढेवेशीपाशी उभा आहे. सोनार आहेत, गंधी आहेत. शल्लूम नावाचा अधिकारी आपल्या मुलींसह काम करतो. अनेकजण आपापल्या घरासमोरचाच तट बांधतात. तकोवाच्या सरदारांनी मात्र खांदा लावला नाही, हीही नोंद आहे. सामायिक दृष्टी येथे माणशी काही हात तटाच्या रूपात वाटली गेली आहे.

आणि पाचव्या अध्यायात काम चालू असतानाच गोरगरिबांची ओरड उठते. शेते गहाण पडली आहेत, मुले गुलामीत जात आहेत, आणि सावकार परके नसून आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या 'आधी तट पूर्ण होऊ द्या' असे म्हणत नाही. तो संतापतो, मोठी सभा भरवतो आणि शेते परत करवतो. त्यानंतरच, ५२ दिवसांत, तट पूर्ण झाल्याचे आपण वाचतो. ज्या दृष्टीत दुर्बलांच्या तक्रारीला जागा नाही ती थोड्याच दिवसांत थोरामोठ्यांची होऊन बसते.

नव्या करारातील यरुशलेमच्या सभेचाही येथे उल्लेख करावासा वाटतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या १५व्या अध्यायात बराच वाद झाल्यावर एक लहानसे पत्र लिहिले जाते. परंतु प्रेषित केवळ पत्र पाठवून थांबत नाहीत. तोच मजकूर तोंडी सांगण्यासाठी यहूदा बर्सब्बा आणि सीला यांना ते अंत्युखियाला धाडतात. परिपत्रकाबरोबर माणूसही जावा लागतो, हे पहिल्या शतकातच ओळखले गेले होते.

शेजारच्या जिल्ह्यातील अनुभव

आळेफाट्यावरून महामार्गाने उत्तरेकडे गेले की संगमनेर तालुका लागतो. तो अहमदनगर जिल्हा (२०२४पासून अहिल्यानगर) १९८७ साली नाशिक धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत आपल्याच धर्मप्रांताचा भाग होता. तेथे स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर (१९२४-२०२१) यांनी पाणलोट विकासाचे जे काम उभे केले, ते शेतीच्या पुस्तकांत नोंदले गेले आहे. आम्ही येथे त्याकडे पाळकीय नजरेने पाहत आहोत. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे ते प्रवर्तक. १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजेच 'वॉटर' ही संस्था स्थापन केली.

अवर्षणग्रस्त गावाला डोंगर हिरवा करण्याचे चित्र दाखवणे सोपे होते. अवघड होते ते चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतःहून पत्करणे, कारण शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांचे पोट त्या डोंगरावरच होते. बाखर यांच्या पद्धतीत व्याख्यानाला दुय्यम स्थान असे. गावकऱ्यांना आधी पूर्ण झालेले काम प्रत्यक्ष दाखवले जाई. गावाने अगोदर श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करायची. ग्रामसभेने पाणलोट समिती निवडायची आणि तिच्यात स्त्रिया, भूमिहीन, पशुपालक यांना स्थान असावयाचे. आधी छोट्या तुकड्यावर काम करून पाहायचे, नंतरच मोठा निधी. आणि शेतांचे नियोजन कार्यालयातील नकाशावर न करता बांधावर उभे राहून, शेतकरी पती-पत्नी दोघांच्या समक्ष, तुकड्यातुकड्याने करायचे. पत्नीला सोबत घेण्याचा हा आग्रह त्या काळी अनेकांना अनावश्यक वाटला असेल. परंतु पाणी आणि सरपण कोण आणते, हे लक्षात घेतले की त्याचे मर्म कळते.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेथील काम १९९६ ते २००१ या काळात झाले. चराईबंदीवरून मेंढपाळ कुटुंबांचा विरोध होता. तो मोडून काढण्याऐवजी डोंगर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग निघाला, जेणेकरून काही भाग चराईला खुला राही. पुढे विहिरींचे पाणी वाढले आणि शेतातील रोजगाराचे महिनेही वाढले. विरोधकांच्या अडचणीमुळे आराखडा बदलला, म्हणून गावाची दृष्टी टिकली, असे आम्ही मानतो.

आपल्या दोन तालुक्यांनाही हा विचार परका नाही. पश्चिम भागात उतारावर भातखाचरे घडवण्याची 'पडकई' ही जुनी रीत आहे; अनेक घरची माणसे एकत्र येऊन पाळीपाळीने एकमेकांच्या जमिनीवर राबतात. सावड हा शब्द तर सर्वांनाच ठाऊक आहे. आज तुझ्या बांधावर, उद्या माझ्या. पाळकीय परिषदेत 'सहभागिता' समजावून सांगताना परदेशी संज्ञांपेक्षा पडकईचे नाव घेतले तर अर्धे काम होते.

मांडणीची रीत

मग प्रत्यक्षात कसे करावे? आमच्या मते दृष्टी प्रथम मराठीत सुचली पाहिजे, निदान प्रथम मराठीत बोलली गेली पाहिजे. लिखित मजकूर मागाहून, आणि तो एका दमात म्हणता येईल इतकाच. 'दहा वर्षांत आपल्या दोन तालुक्यांतील एकही कॅथोलिक घर असे राहणार नाही, जेथे महिन्यातून एकदा दुसऱ्या घरची माणसे प्रार्थनेला आली नाहीत.' असे वाक्य पाहा. त्यात डौल नाही, पण ते पाळले गेले की नाही हे मोजता येते, आणि चुकले तर कोणाच्या दारी चुकले हेही कळते. (जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांची गुंफा व पाण्याचे टाके दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. कोणी दिले आणि काय दिले, एवढेच त्यात आहे. आपल्या फलकांवरील मजकूर लिहिणाऱ्यांनी एकदा ते लेख जरूर पाहावेत.)

परिषदेची बैठक बोलावण्यापूर्वी धर्मगुरूंनी सभासदांना एकेकट्याने, शक्यतो त्यांच्या घरी भेटावे. बैठकीत प्रथमच ऐकलेल्या गोष्टीला आपला माणूस एकतर माना डोलावतो किंवा गप्प बसतो, आणि या दोन्हींचा अर्थ 'होकार' असा लावणे धोक्याचे आहे. फादरांसमोर नाही म्हणणे आपल्या समाजात अवघडच जाते. धर्मभगिनी व श्रद्धाशिक्षक यांना ही गोष्ट आधी सांगितल्यास मोठा लाभ होतो. कोणत्या घरी काय बोलले जाते, हे त्यांना ठाऊक असते.

बैठकीसाठी सिनडच्या २०२३ व २०२४च्या अधिवेशनांत अनुसरलेली 'आत्म्यातील संभाषण' ही पद्धत लहान परिषदेला उत्तम लागू पडते. प्रार्थना व मौनानंतर प्रत्येकजण ठरावीक वेळ बोलतो, कोणी मध्ये तोडत नाही. पुन्हा मौन. दुसऱ्या फेरीत आपले मत नव्हे, तर दुसऱ्यांच्या बोलण्यातील काय मनाला भिडले ते सांगायचे. तिसऱ्या फेरीत एकत्र काय दिसते आहे ते शोधायचे. रोममध्ये पोपमहोदय, कार्डिनल, धर्मभगिनी आणि प्रापंचिक गोल मेजांभोवती अशाच रीतीने बसले होते. आमची एकच सूचना आहे: धर्मगुरूंनी पहिल्या फेरीत शेवटी बोलावे.

दृष्टी खरोखर पोहोचली की नाही, हे अंदाजपत्रकातून दिसते. दूरच्या घरांपर्यंत जाण्याची गोष्ट करायची आणि वर्षाच्या खर्चात पेट्रोलची ओळच नाही, रंगकामाची मात्र आहे, असे असेल तर सभासदांनी कोणत्या कागदावर विश्वास ठेवावा? म्हणून अर्थसमितीचे सभासद या चर्चेत पहिल्यापासून असावेत. वार्षिक दिनदर्शिकाही तशीच तपासावी. लावणी, कांदा काढणी, हिरड्याचा हंगाम, गावच्या जत्रा यांच्या नोंदी तिच्यात उपासनावर्षाच्या शेजारी असल्या पाहिजेत.

एकदा सांगून भागत नाही, हे सर्वजण जाणतात. पण पुनरुक्तीचा कंटाळा सांगणाऱ्यालाच आधी येतो. ऐकणाऱ्याच्या कानी ती गोष्ट तेव्हा कुठे दुसऱ्यांदा पडत असते. प्रत्येक बैठकीच्या आरंभी एका सभासदाने, दर वेळी निराळ्या, दृष्टी आपल्या शब्दांत सांगावी आणि गेल्या महिन्यात तिच्यामुळे कोणत्या घरी काय घडले, त्याची एक हकिकत सांगावी. हकिकत नसेल तर 'नाही' असे इतिवृत्तात लिहावे.

विरोध करणाऱ्यांविषयी एक शब्द. प्रत्येक परिषदेत 'हे पूर्वीही करून पाहिले आहे' असे म्हणणारे एखादे ज्येष्ठ असतात. त्यांना निरुत्साही समजून बाजूला सारले जाते. वस्तुतः पूर्वीचे तीन-चार आराखडे कोणत्या कारणाने बारगळले, याची एकमेव जिवंत नोंद तेच असतात. तेव्हा काय झाले होते, असे त्यांनाच विचारून ते लिहून घ्यावे.

बदलीच्या वेळी

खरी कसोटी प्रमुख धर्मगुरूंच्या बदलीची. जाणाऱ्या धर्मगुरूंनी दाखल्यांच्या नोंदवह्या आणि हिशेबाची पुस्तके सुपूर्द करण्याची रीत आहे. त्यांत परिषदेच्या वहीची भर पडावी: दृष्टीचे वाक्य, ते कसे ठरले, कोणी काय हरकत घेतली, काय बदलले, कोणती घरे अद्याप राहिली आहेत. ही वही जुन्या फादरांनी नव्या फादरांना न देता परिषदेने द्यावी, आणि ती वाचून दाखवावी. येथे सांगण्याची दिशा उलटी होते. आता परिषद सांगते आणि धर्मगुरू ऐकतात. नव्या धर्मगुरूंना त्यात बदल करावेसे वाटतील, तो त्यांचा अधिकारही आहे. परंतु पहिल्या पावसाळ्यापूर्वी सभासदांनी त्यांना सोबत घेऊन, डिंभ्याच्या वरच्या अंगापासून आळेफाट्यापर्यंत, वहीतल्या प्रत्येक घरी एकदा नेऊन आणावे. राहिलेल्या घरांपासून सुरुवात केली तर अधिक बरे.